वेळ कोणाच्या खात्यावर मांडायचा? दोन एक्सएसएलटी प्रोसेसरांच्या वेगतुलनेचा प्रकरण अभ्यास

तांत्रिक पुस्तिका तयार करणाऱ्या एका विभागात सगळा मजकूर एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणांनी रचना दाखवणाऱ्या स्वरूपात, लिहिला जातो आणि एक्सएसएलटी या भाषेतल्या स्टाइलशीटच्या, म्हणजे रूपांतराच्या नियमांच्या, साहाय्याने त्याची एचटीएमएल पाने तयार होतात. हे रूपांतर दोन वेगवेगळ्या प्रसंगी होते. रात्री एकच मोठे काम लागते आणि त्यात काही हजार दस्तऐवज एकामागून एक रूपांतरित होतात. दिवसा एखादा लेखक आपले एखादे प्रकरण लिहून झाले की ते पानावर कसे दिसते हे पाहण्यासाठी आपल्या संगणकावर कमांड देतो, तेव्हा नवी प्रोसेस (प्रोग्रामची एक स्वतंत्र खेप) सुरू होते, एक दस्तऐवज रूपांतरित होतो आणि प्रोसेस संपते. या दोन प्रसंगांतला फरक या प्रकरणाच्या मुळाशी आहे, पण तो आमच्या लक्षात फार उशिरा आला.

रात्रीचे काम सकाळपर्यंत पुरे होईनासे झाले, तेव्हा प्रोसेसर, म्हणजे स्टाइलशीटनुसार रूपांतर करणारा प्रोग्राम, बदलावा असा विचार पुढे आला. वापरात असलेला प्रोसेसर जावाच्या व्हर्च्युअल मशीनवर चालणारा होता. त्याला येथे 'ख' म्हणू. त्याच्या जागी सी भाषेत लिहिलेला आणि थेट यंत्रभाषेत कंपाइल होणारा 'क' आणावा, असा प्रस्ताव होता. दोघांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण नावे दिली की वाचकाच्या लक्षात क्रमवारी राहते, आणि ती क्रमवारी पुढच्या आवृत्तीपर्यंतही टिकेल याची खात्री नसते. स्टाइलशीट 1999 मध्ये प्रमाणित झालेल्या एक्सएसएलटी 1.0 मध्ये लिहिलेली होती, त्यामुळे ती दोघांवरही चालत होती.

पहिली चाचणी आणि तिचा निकाल

एका सहकाऱ्याने तुलना करून ठेवली होती. एक लहान प्रकरण घ्यायचे, तेच दोन्ही प्रोसेसरांना कमांड लाइनवरून शंभर वेळा द्यायचे, एकूण वेळेला शंभराने भागायचे, एवढी ती सरळ होती. तिच्यात 'क' कित्येक पटींनी पुढे होता. अहवाल तयार होता, निर्णय जवळजवळ झाला होता आणि माझ्याकडे तो केवळ शेवटची नजर टाकण्यासाठी आला.

त्या आकड्यात मापनाची चूक नव्हती. तो किती बरोबर आहे यापेक्षा तो कोणत्या कामाचा आहे हे पाहणे गरजेचे होते. कमांड दिल्यापासून फाइल तयार होईपर्यंतच्या काळात ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेस सुरू करते. 'ख'च्या बाबतीत व्हर्च्युअल मशीन उभे राहते आणि शेकडो क्लास लोड होतात. स्टाइलशीट वाचून प्रोसेसरच्या अंतर्गत रूपात कंपाइल होते. मूळ दस्तऐवज पार्स होऊन, म्हणजे त्यातील खुणा ओळखून वाचला जाऊन, त्याची मेमरीत ट्री (नोड या घटकांची झाडासारखी रचना) उभी राहते. मग टेम्प्लेट, म्हणजे स्टाइलशीटमधले एकेक नियम, लागू होतात. आणि शेवटी निकालाचे पुन्हा अक्षरांत रूपांतर होऊन तो डिस्कवर लिहिला जातो. आपण ज्याला रूपांतर म्हणतो ते या साखळीतले एक कडे आहे, आणि दस्तऐवज लहान असेल तर बहुधा सर्वांत छोटे.

रात्रीच्या कामात 'ख'ची प्रोसेस एकदाच सुरू होत असे आणि स्टाइलशीटही एकदाच कंपाइल होत असे. चाचणीत मात्र हा खर्च प्रत्येक दस्तऐवजामागे धरला गेला होता. याचा परिणाम किती मोठा होतो ते एका काल्पनिक हिशेबाने दाखवतो. सुरुवातीच्या तयारीला 1 सेकंद आणि प्रत्येक दस्तऐवजाला 10 मिलिसेकंद लागतात असे धरले, तर 5,000 दस्तऐवजांसाठी दर वेळी नवी प्रोसेस सुरू केल्यास 5,050 सेकंद, म्हणजे सुमारे 84 मिनिटे लागतील. तेच काम एका प्रोसेसमध्ये 51 सेकंदांत होईल. प्रोसेसर तोच, दस्तऐवज तेच, आणि तरी उत्तरांत जवळजवळ शंभर पटींचा फरक.

सहकाऱ्याचे म्हणणे असे होते की दोघांनाही अगदी एकसारखी कमांड दिली, एकच फाइल दिली, एकाच संगणकावर चालवले, तेव्हा पक्षपात कुठे झाला? हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटला आणि आजही वाटतो, कारण निःपक्षपाती चाचणी म्हणजे दोघांना एकसारखी वागणूक, अशीच बहुतेकांची समजूत असते. पण कमांड सारखी असली म्हणजे काम सारखे होतेच असे नाही. ज्या परिस्थितीत प्रोसेसर प्रत्यक्षात राबणार आहे ती परिस्थिती प्रत्येकाला मिळाली का, हे पाहिल्याशिवाय सारखेपणाला अर्थ येत नाही.

दुसरी फेरी: माझ्या चुका

नवी चाचणी मी लिहिली. प्रत्येक प्रोसेसरसाठी एक छोटा प्रोग्राम, एकच प्रोसेस, स्टाइलशीट एकदाच कंपाइल करायची आणि मग खऱ्या कामातून निवडलेले दस्तऐवज फिरून फिरून चालवायचे. अनेक प्रोसेसरांत यासाठी तयार सोय असते; लिबएक्सएसएलटी या प्रोसेसरच्या कमांड लाइन साधनात तर तेच रूपांतर 20 वेळा चालवण्याचा खास स्विच आहे. पण आम्हाला दस्तऐवजांचे मिश्रण हवे होते, म्हणून स्वतःचा प्रोग्राम.

'ख'चा आकडा आला तो कोड्यात टाकणारा होता. लहान दस्तऐवजांवर तो खूप सुधारला, मोठ्यांवर मात्र रोजच्या अनुभवाशी जुळत नव्हता. दोन दिवस मी मेमरीच्या मर्यादा तपासत राहिलो. अखेर स्टाइलशीटमध्ये एक ओळ घातली, जी सिस्टिम-प्रॉपर्टी या फंक्शनने प्रोसेसरच्या निर्मात्याचे नाव निकालात टिपण म्हणून लिहिते, आणि लक्षात आले की 'ख' चालतच नव्हता. जावाच्या प्रमाणित इंटरफेसमध्ये प्रोसेसरचे नाव कोडमध्ये द्यावे लागत नाही. आधी एक सिस्टिम प्रॉपर्टी, मग संरचनेची फाइल, मग क्लासपाथवरील (जावा जेथे कोड शोधते त्या यादीतील) नोंदी असे शोधत जाऊन जो सापडेल तो घेतला जातो, आणि काहीच न सापडल्यास जावाबरोबर येणारा प्रोसेसर निमूटपणे वापरला जातो. क्लासपाथ देताना माझ्याकडून एक फाइल राहिली होती. स्टाइलशीट 1.0 ची असल्यामुळे कोणतीही त्रुटी आली नाही, निकालाची पानेही बरोबर दिसली. ती 2.0 ची असती तर, जावाबरोबरच्या प्रोसेसरला फक्त 1.0 येत असल्याने, चूक पहिल्याच मिनिटाला उघड झाली असती. तेव्हापासून निर्मात्याचे नाव निकालात आल्याशिवाय मी कोणतेही मोजमाप ग्राह्य धरत नाही.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म होती आणि ती चांगल्या हेतूने झाली होती. पार्सिंगचा वेळ रूपांतरापासून वेगळा दिसावा म्हणून मी दस्तऐवज आधी डॉम या प्रमाणित, कोणत्याही प्रोग्रामला वापरता येणाऱ्या ट्रीमध्ये वाचून ठेवत होतो आणि घड्याळ त्यानंतर सुरू करत होतो. पण 'ख'ची स्वतःची, रूपांतरासाठी घडवलेली आटोपशीर ट्री असते. तिच्यात नोडांचा दस्तऐवजातील क्रम ठरवणे किंवा नावे ताडून पाहणे स्वस्त पडते. परकी डॉम ट्री हाती दिली की त्याला प्रत्येक पावलावर दुभाष्यातून बोलावे लागते. म्हणजे नीटनेटकेपणाच्या हौसेपायी मी त्याला अशा अवस्थेत पळवत होतो, जी रात्रीच्या कामात कधीच येत नव्हती. डॉम काढली आणि प्रत्येकाला आपली ट्री आपणच बांधू दिली. पार्सिंगचा वेगळा आकडा हवाच असेल, तर तो त्या त्या प्रोसेसरच्या स्वतःच्या साधनाने स्वतंत्रपणे मोजावा, असे ठरवले.

वॉर्मअप कुठे संपतो

जावाचा कोड आधी इंटरप्रिटरवर चालतो. कोणत्या मेथड वारंवार बोलावल्या जातात हे व्हर्च्युअल मशीन मोजत राहते आणि त्यांचेच चालू असताना यंत्रभाषेत रूपांतर करते. त्यामुळे 'ख'ची पहिली काही रूपांतरे संथ आणि पुढची वेगवान असतात; या संथ सुरुवातीलाच वॉर्मअप म्हणतात. 'पहिली दहा सोडून द्या' असा ठोकळ नियम लावणे सोपे होते, पण दहाच का, याला उत्तर नव्हते. मी प्रत्येक रूपांतराचा वेळ क्रमाने आलेखावर मांडला. रेषा उतरत गेली, मध्ये एकदा थबकली, पुन्हा उतरली आणि बऱ्याच उशिरा सपाट झाली. तो पहिला थबकलेला टप्पा कोणालाही शेवटचा वाटला असता. तेथेच मोजणी सुरू केली असती, तर 'ख'वर अन्याय झाला असता आणि तो आकड्यांत कुठेही दिसला नसता.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. वॉर्मअप सर्रास वगळणे म्हणजे 'क'वर अन्याय, कारण सी प्रोसेसर पहिल्या दस्तऐवजापासूनच आपल्या पूर्ण वेगाने धावतो आणि हा त्याचा खरा गुण आहे. दिवसा लेखक एकच दस्तऐवज रूपांतरित करतो, तेव्हा वॉर्मअप हाच त्याचा सगळा अनुभव असतो. येथे मला सहकाऱ्याची पहिली चाचणी पुन्हा उघडून पाहावी लागली. ती रात्रीच्या कामाविषयी काहीच सांगत नव्हती, पण लेखकाच्या कमांडचे मोजमाप म्हणून ती जवळजवळ निर्दोष होती. तिच्यावर फक्त चुकीच्या प्रश्नाचे नाव लिहिले गेले होते.

काही दस्तऐवज अकारण संथ

नव्या मोजमापात 'ख'ला काही दस्तऐवजांवर आकाराशी विसंगत असा प्रचंड वेळ लागत होता. ती सगळी जुनी, एक्सएचटीएमएलमध्ये, म्हणजे एक्सएमएलच्या नियमांनी लिहिलेल्या एचटीएमएलमध्ये, असलेली प्रकरणे होती. त्यांच्या पहिल्या ओळीत डीटीडीचा (दस्तऐवजात कोणते घटक चालतात ते सांगणाऱ्या फाइलचा) पत्ता होता, तो डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरचा, आणि पार्सर दर वेळी इमानेइतबारे ती डीटीडी आणायला जाळ्यावर जात होता. हा त्रास जगभरचा आहे: अशा अनावश्यक मागण्या दिवसाला 13 कोटींपर्यंत पोचतात असे डब्ल्यूथ्रीसीने 2008 मध्ये जाहीरपणे सांगितले होते, आणि त्या मागण्यांना मुद्दाम उशिराने उत्तर दिले जात असे. आमच्या घड्याळात तो उशीर 'ख'च्या खात्यावर मांडला जात होता.

'क'ला हा त्रास का नव्हता? त्याच्या पार्सरला डीटीडी न वाचण्याचा पर्याय दिलेला होता, आणि तो पहिल्या स्क्रिप्टमधून माझ्या प्रोग्राममध्ये तसाच उतरला होता. मग 'ख'लाही तसाच पर्याय द्यावा, हे पहिल्यांदा सुचणारे उत्तर, पण ते चुकीचे ठरले असते. डीटीडी केवळ वैधता तपासत नाही, ती दस्तऐवजात भरही घालते. एक्सएचटीएमएलच्या डीटीडीत तक्त्याच्या प्रत्येक घरासाठी रोस्पॅन आणि कोलस्पॅन ही ॲट्रिब्यूट 1 या मूल्यासह गृहीत धरलेली आहेत. डीटीडी वाचली की ती ट्रीमध्ये प्रत्यक्ष अवतरतात. मोठ्या तक्त्यांच्या प्रकरणात 'ख' हजारो जास्तीचे नोड बांधत होता, टेम्प्लेटमधून नेत होता आणि निकालात लिहितही होता, आणि 'क' त्यांपैकी काहीच करत नव्हता. दोघे वेगवेगळे दस्तऐवज रूपांतरित करत होते, असेच म्हणावे लागेल. उपाय म्हणून डीटीडीच्या प्रती संगणकावर ठेवल्या, स्थानिक कॅटलॉगमधून दोघांनाही त्याच प्रतींकडे वळवले आणि 'क'चा तो पर्याय काढून टाकला.

या धड्यानंतर निकालांची तुलना सक्तीची केली. अक्षर-अक्षर ताडून उपयोग नाही, कारण ॲट्रिब्यूटचा क्रम किंवा रिकाम्या घटकाचे लेखन यांत प्रोसेसरांना मोकळीक असते. म्हणून पडताळणीपुरता निकाल एक्सएमएल स्वरूपात काढला, इंडेंट बंद केले, दोन्ही फाइली कॅनॉनिकल एक्सएमएलमध्ये, म्हणजे लेखनाचे असे फरक पुसणाऱ्या ठरीव रूपात, आणल्या आणि मगच ताडल्या. त्यातून केवळ मोकळ्या जागेचे नोड ठेवायचे की गाळायचे, हाही प्रश्न निघाला. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएक्सएमएलसारखी काही साधने, वेगळे सांगितले नाही तर, ते पार्सिंगच्या वेळीच गाळतात, आणि अशा साधनाची ट्री आपसूक लहान होते. आमच्या दोन प्रोसेसरांत तसा फरक नव्हता, पण तपासल्याशिवाय ते कळले नसते.

स्टाइलशीटचा वाटा

सगळे सरळ केल्यावरही मोठ्या दस्तऐवजांवर दोन्ही प्रोसेसर संथ होते, आणि दस्तऐवज दुप्पट झाला की वेळ जवळजवळ चौपट होत होता. असा वाढीचा दर दिसला की दोष प्रोसेसरपेक्षा स्टाइलशीटमध्ये असण्याची शक्यता जास्त. प्रत्येक आकृतीला क्रमांक देण्यासाठी एक टेम्प्लेट तिच्या आधीच्या सगळ्या आकृत्या नव्याने मोजत होते. 2,000 आकृत्या असतील तर नुसत्या आकृत्यांचीच मोजणी सुमारे 20 लाख वेळा होते. शिवाय त्या शोधताना वाटेत लागणारे इतर नोड वेगळेच. परस्परसंदर्भांसाठीही दर वेळी संपूर्ण दस्तऐवज धुंडाळला जात होता. तेथे एक्सएसएल:की ही सूची बनवणारी सोय वापरली असती, तर एकदाच सूची बनून काम भागले असते.

येथे विभागात खरा मतभेद झाला. काही प्रोसेसर असा शोध ओळखून स्वतःहून अंतर्गत सूची बनवतात. एकाचे म्हणणे, स्टाइलशीट सुधारली तर या हुशारीचे श्रेय प्रोसेसरला मिळणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे, वाईट स्टाइलशीटवर मोजणे म्हणजे कोण जास्त चुका पोटात घालतो याची स्पर्धा. मला दोन्ही बाजू ग्राह्य वाटल्या, म्हणून मूळ आणि सुधारित अशा दोन्ही स्टाइलशीटवर मोजले. मोठ्या दस्तऐवजांवर दोन स्टाइलशीटमधले अंतर दोन प्रोसेसरांमधल्या अंतरापेक्षा खूपच मोठे निघाले. रात्रीचे काम रखडण्याचे मुख्य कारण हे होते.

'ख'ला एक्सएसएलटी 2.0 येत होती आणि तिच्यातील गट पाडण्याची सोय वापरून आणखी गती मिळाली असती, असाही मुद्दा निघाला. तो मुख्य तुलनेबाहेर ठेवला. स्टाइलशीटवरचा आवृत्तीचा आकडा नुसता बदलणे तर धोक्याचेच: अनेक नोडांचे मूल्य छापायला सांगितले तर 1.0 मध्ये फक्त पहिल्याचे येते, 2.0 मध्ये सगळ्यांची येतात. काम बदलून वेग मोजण्यात अर्थ नव्हता.

मोजणी आणि निर्णय

शेवटच्या फेरीत संगणक दुसऱ्या कोणत्याही कामात नव्हता, प्रोसेसर आळीपाळीने चालवले, आणि 'ख'साठी व्हर्च्युअल मशीन अनेकदा नव्याने सुरू केले, कारण त्याचे कंपाइलविषयक निर्णय दर खेपेला थोडे वेगळे पडतात. मेमरीची मर्यादा रात्रीच्या कामात असते तेवढीच ठेवली. ती सढळ हाताने वाढवली की गार्बेज कलेक्शनचा, म्हणजे वापरून झालेली मेमरी मोकळी करण्याचा, खर्च दिसेनासा होतो. सर्वांत चांगला आकडा न घेता मध्यक आणि त्याबरोबर विखुरणी नोंदवली.

सगळ्या दस्तऐवजांचा मिळून एकच आकडा द्यावा, अशी मागणी आली, ती मी मान्य केली नाही. एका दस्तऐवजावर 'क'ला 1 आणि 'ख'ला 2 सेकंद, दुसऱ्यावर उलट, असे असेल तर 'ख' भागिले 'क' या गुणोत्तराची सरासरी 1.25 येते आणि 'क' भागिले 'ख' याचीही 1.25 येते, म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्क्यांनी संथ. भूमितीमध्य, म्हणजे दोन गुणोत्तरांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, घेतला तर उत्तर 1 येते आणि विसंगती जाते, पण कोणता दस्तऐवज रात्री किती वेळा येतो हे त्यालाही माहीत नसते. म्हणून रात्रीच्या कामासाठी खऱ्या प्रमाणातल्या मिश्रणाचा एकूण वेळ दिला.

निकाल असा होता: पार्सिंगचाच भार जास्त असलेल्या साध्या दस्तऐवजांवर 'क' पुढे, गुंतागुंतीच्या टेम्प्लेटांवर वॉर्मअपनंतर 'ख' पुढे, आणि रात्रीच्या मिश्रणावर दोघांतले अंतर प्रोसेसर बदलण्याचा खटाटोप करावा इतके मोठे नाही. लेखकाच्या एकेरी कमांडसाठी मात्र 'क' निर्विवाद सरस. रात्रीचे काम सुधारित स्टाइलशीटसह 'ख'वरच राहिले. लेखकांच्या संगणकांवर 'क' बसवला. दोन प्रोसेसरांचे निकाल एकरूप राहावेत म्हणून कॅनॉनिकल तुलना आता स्टाइलशीटमधल्या प्रत्येक बदलानंतर आपोआप चालते, आणि ही जबाबदारी या निर्णयाबरोबर आमच्यावर कायमची आली आहे.

अहवालातल्या एका ओळीच्या तक्त्याच्या जागी दोन तक्ते आले, एकावर 'रात्रीचे काम' आणि दुसऱ्यावर 'लेखकाची कमांड' असे लिहिले. पहिली चाचणी करणाऱ्या सहकाऱ्याने संपूर्ण चाचणी दुसऱ्या संगणकावर स्वतः चालवून पाहिली. आकडे बदलले, दोन्ही तक्त्यांतला निष्कर्ष बदलला नाही, आणि त्यानंतरच अहवालावर दोघांनी सही केली.